हौसाक्कांची आंघोळ

“हात छातीवर घ्या, अक्का.”

“घेते.”

“रोज घेते म्हणता आणि रोज त्या दांड्यापाशीच ठेवता.”

“तू उचल गं. हात माझे आहेत, त्यांचं काय करायचं ते मी बघीन.”

पलंगाच्या पलीकडून मालनताईनं माझ्याकडे बघून डोळे फिरवले. “दाब बटण, सुवार्ता. त्यांचं हे रोजचंच आहे.” आणि लगेच काल आणलेल्या वांग्यांना कशी कीड निघाली ते मला सांगू लागली. मी बटण दाबलं. हौसाक्का झोळीसकट पलंगावरून वर उचलल्या गेल्या.

मी तेव्हा मिरजेत पेशंटची देखभाल करायचा कोर्स नुकताच पुरा केला होता आणि गावाबाहेरच्या ‘ओसरी’त कामाला लागले होते. ओसरीला लोक वृद्धाश्रम म्हणायचे ते तिथल्या म्हाताऱ्यांना मुळीच खपायचं नाही. तिथं ज्याचं त्याचं वेगळं घर होतं. एक खोली, चहापुरता ओटा, न्हाणीघर आणि दाराला आतून लावायची आपली आपली कडी. ज्याला लागेल तेवढी मदत करायला आम्ही बायका होतो. कुणाला नुसती पाठ चोळून द्यायची, कुणाला लुगड्याच्या निऱ्या घालून द्यायच्या. हौसाक्कांना मात्र सकाळी उठण्यापासून सगळंच लागायचं. नवरा गेल्यावर तासगावच्या घरी एकट्याच राहत होत्या, उतू जाणारं दूध बघायला धावल्या आणि ओट्यापाशी घसरल्या. मणका दुखावला, कमरेखालचा जीव गेला. पोटी मूल नव्हतं. पुण्यात पुतण्या होता, त्यानं इथं आणून सोडलं.

त्यांना उचलायला यंत्र होतं, पेशंट लिफ्टर. चाकांवरचा लोखंडी खांब, त्याला पुढे आलेला हात, हाताच्या टोकाला आडवा दांडा आणि दांड्याला हूक. जाड कापडाची झोळी माणसाच्या पाठी-मांड्यांखाली सरकवायची, तिचे पट्टे हुकांना अडकवायचे, रिमोटचं बटण दाबायचं. माणूस वर आला की यंत्र ढकलत न्यायचं आणि न्हाणीच्या चाकांच्या खुर्चीत त्याला उतरवायचं. मी यायच्या आदल्या वर्षी इथं राहणाऱ्या वझेकाकूंना दोघी बायका हातांनी उचलत होत्या. एकीचा पाय ओल्या फरशीवर सरकला. काकूंचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्या परत काही उठल्या नाहीत. त्यानंतर आमचे व्यवस्थापक नाडगौडासाहेब विश्वस्तांच्या मागे लागले आणि हे यंत्र आलं. एकदोघे म्हातारे त्याला क्रेन म्हणायचे आणि त्यात बसायला ठाम नकार द्यायचे. हौसाक्का तेवढ्या बसायच्या. बिनबोभाट बसायच्या, फक्त हात छातीवर घ्यायच्या नाहीत.

त्यांना आंघोळ घालताना माझा हात नेहमी खांद्यांपाशी थांबायचा. पाय काटक्यांसारखे, पण खांदे? रुंद, आडवे, कातडीखाली दोर वळल्यासारखे. तळवे तर टाचेच्या कातड्यासारखे घट्ट.

“शेतात फार राबलात का हो अक्का?”

“फार,” असं म्हणून त्या हसायच्या आणि पाण्याचा तांब्या मागायच्या. डोक्यावरून शेवटचा तांब्या स्वतःच ओतून घ्यायच्या. तो मान त्यांनी कुणाला दिला नव्हता.

बोलणं त्यांचं अगदी नीटस. नवरा शाळामास्तर, त्यामुळे असेल असं आम्हाला वाटायचं.

ज्या सकाळबद्दल मी सांगतेय ती काही वेगळी सकाळ नव्हती. बाहेर ऊन पडलं होतं, न्हाणीत पाणी काढून ठेवलं होतं. आम्ही दोघींनी झोळी घातली, चारी पट्टे अडकवले, ओढून बघितले. अक्का वर आल्या. पलंगापासून यंत्र मागे घेतलं आणि वळवू लागलो. म्हणजे त्या आता अधांतरी होत्या, माझ्या कमरेच्याही वर, खाली नुसती फरशी.

आधी आवाज आला. जुनं धोतर फाडावं तसा. उजव्या खांद्याचा पट्टा शिवणीतून सुटला.

झोळी एका अंगाला कलली. अक्कांचं डोकं फरशीकडे झुकताना मला दिसलं. मी किंचाळले की मालनताई किंचाळली ते आजही सांगता येणार नाही. पण त्या पडल्या नाहीत. डोळ्याचं पातं लवायच्या आत त्यांचे दोन्ही हात दांड्यावर होते. दुसऱ्या खांद्याचा पट्टाही त्या हिसक्यानं निसटला आणि झोळी पाठीवरून गळून मांड्यांशी लोंबू लागली. आणि ऐंशीला टेकलेली ती बाई, परकराच्या गाठीवर गाऊन घातलेली, दोन हातांवर हवेत लटकत होती.

नुसती लटकत नव्हती. कोपर वाकले, खांदे गोळा झाले आणि त्यांनी स्वतःला वर ओढलं. दांडा हनुवटीशी आला. तिथं त्या थांबल्या. मेलेले पाय खाली संथ हलत होते, घंटेच्या लोलकासारखे.

“सुवार्ता,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी निवांत, पण भाषा मास्तरांच्या घरची नव्हती. “पाय धर माजं. दोनी हातानं, मांडीपाशी. आस्सं. मालन, वरडू नगंस, खुर्ची आन. घाई न्हाई. मी हाय की हितं. यळ हाय आपल्याकडं.”

वेळ आहे आपल्याकडे! मी त्यांच्या मांड्या कवटाळल्या. माझं सगळं अंग थरथरत होतं आणि माझ्या मिठीतलं ते अंग मात्र जराही हलत नव्हतं. मालनताईनं खुर्ची आणली.

“ब्रेक लावलास?”

“लावला, लावला!”

“बघ येकडाव.”

मालनताईनं वाकून बघितलं. मग अक्कांनी स्वतःला खाली सोडलं. धपकन नाही. दोर सोडत विहिरीत घागर उतरवावी तसं, हातांनी तोलत तोलत, मी धरलेल्या मांड्या खुर्चीला लागेपर्यंत. मग एकेक बोट दांड्यावरून सुटलं.

मी वर बघितलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता, केस सुटले होते आणि डोळे असे लकाकत होते की मी घाबरले. भीतीचा मागमूस नव्हता. ओळखीचं कुणी फार वर्षांनी दारात उभं राहिलेलं दिसावं तसा तो चेहरा होता.

मालनताई मटकन खाली बसून रडू लागली.

“रडतेस काय? पाणी गार होतंय,” हौसाक्का म्हणाल्या. भाषा परत मास्तरांच्या घरची झाली होती.

आम्ही त्यांना आंघोळ घातली. कशी घातली ते विचारू नका. पाठ चोळता चोळता मी म्हणाले, “अक्का, तुम्ही कोण आहात?”

त्यांनी दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, “मालन, दाराची कडी लाव.”

त्या सर्कशीत होत्या. बाप घोड्यांची निगा राखायचा, आई आधीच गेलेली. पाच-सहा वर्षांच्या असताना कुणीतरी गंमत म्हणून झुल्यावर बसवलं. पुढे तंबूच्या शेंड्याला टांगलेल्या झुल्यांवरून एका झुल्याचा दांडा सोडून दुसऱ्याकडे उडायचा खेळ त्या करायच्या. कऱ्हाड, निपाणी, हुबळी, पार कलकत्त्यापर्यंत. मग तासगावच्या मुक्कामात एका विधुर मास्तरानं रोज तिकीट काढलं आणि शेवटी मागणी घातली. मास्तरांच्या आईनं एकच अट घातली, तंबूचं नाव या घरात निघता कामा नये. अक्कांनी शब्द दिला. भाषा बदलली, चाल बदलली. जाऊबाईला सांगितलं नाही, पुतण्याला नाही, शेजारणीला नाही. सासू गेली, मास्तरही गेले, तरी शब्द पाळला.

“भीती नाही वाटायची?” मालनताईनं विचारलं.

“राघवन झेलायचा मला. समोरच्या झुल्यावर पाय अडकवून उलटा लटकलेला असायचा. लोकांना वाटतं उडणारानं पकडायचं असतं. तसं नसतं गं. उडणारानं नुसते हात पुढे करायचे. पकडायचं ते झेलणारानं. आणि तो सारखा बोलायचा माझ्याशी. ‘थांब’, ‘आत्ता नको’, ‘आता’, ‘आलीस’. तो बोलतोय तोवर मला ठाऊक असायचं की त्याचं चित्त माझ्यापाशी आहे.” त्यांनी तांब्या उचलला आणि डोक्यावर ओतून घेतला. “हे बाहेर बोलायचं नाही. शब्द दिलाय मी.”

नाडगौडासाहेब भला माणूस होता. त्यांनी तो सुटलेला पट्टा हातात घेऊन उन्हात धरला. वरचं कापड धडधाकट, पण आतली शिवण बोटानं ओढली की पिठासारखी झडत होती. धुलाईचं काम नव्या माणसाकडे गेलं होतं. तो चादरींबरोबर झोळ्याही उकळत्या पाण्यात ब्लिचिंग घालून धूत होता. साहेबांनी त्याच दिवशी सगळ्या झोळ्या बाद केल्या आणि यंत्र कोपऱ्यात नेऊन त्यावर चादर टाकली. पण त्या रात्रभर त्यांना झोप लागली नसणार, कारण दुसऱ्या दिवशी अक्कांचा पुतण्या पुण्याहून बोलावला गेला.

विश्राम माळी. बँकेतला गृहस्थ, बोलायला मृदू. अक्कांच्या खोलीत साहेब, तो, मी आणि मालनताई उभे होतो.

“विश्वस्तांचं मत असं आहे,” साहेब म्हणाले, “की ज्यांना उभं राहता येत नाही त्यांना इथं ठेवणं धोक्याचं आहे. सांगलीत चांगलं नर्सिंग होम आहे. दिवसरात्र नर्सेस असतात. हॉलमध्ये खाटा आहेत, पण स्वच्छ आहे.”

“आंघोळ?” अक्कांनी विचारलं.

“स्पंजिंग करतात. रोज.”

“ओल्या फडक्यानं पुसायला मी काय फरशी आहे, साहेब?”

विश्राम खाली वाकून म्हणाला, “काकू, तुमच्या जिवापेक्षा आंघोळ मोठी आहे का? त्या दिवशी नशिबानं वाचलात. प्रत्येक वेळी नशीब असतं का?”

“नशीब नव्हतं ते.”

“मग काय होतं?”

अक्कांनी माझ्याकडे बघितलं, मग मालनताईकडे. आम्ही दोघी भिंतीकडे बघत राहिलो. तोंड उघडलं असतं तर ओसरीतलं त्यांचं घर वाचलं असतं, हे आम्हाला कळत होतं. पण तो शब्द आमचा नव्हता.

मग त्यांनी गाऊनच्या बाह्या वर सारल्या. दंड उघडे केले, खांद्यापर्यंत. आणि म्हणाल्या, “विश्राम, मी सर्कशीत होते. झुल्यावर. तुझ्या काकांशी लग्न होईस्तोवर तेच केलं मी. तुझ्या आजीला दिलेला शब्द आज मोडतेय. मोडायला काही कारण हवं ना? तर हे कारण आहे. मला माझ्या दारामागे, माझ्या न्हाणीत, डोक्यावरून पाणी घ्यायचंय.”

विश्राम त्या दंडांकडे बघत होता. “काकू,” एवढंच म्हणाला.

“मी त्या दिवशी वाचले ते माझ्या हातांनी. पण वझेबाईंना असे हात नव्हते. उद्या इथं जे कुणी येतील त्यांनाही नसतील. म्हणून यंत्र काढून टाकू नका, साहेब. नीट वापरा. आमच्यात जाळं बांधणारा माणूस असायचा. बांधून झालं की आधी तो स्वतः त्यात उडी घ्यायचा, आमच्यादेखत. मग आम्ही शिडी चढायचो. त्याला कुणी हुकूम केला नव्हता. रीतच होती ती.”

“म्हणजे मी काय करू म्हणता?”

“नवी झोळी आणा. आणि बसा तिच्यात.”

“मी?” साहेबांचं पोट चांगलंच सुटलेलं होतं. ते हसायला लागले. मग त्यांना दिसलं की त्या हसत नाहीत.

“तुम्ही, मालन, सुवार्ता. ज्यानं ज्यानं दुसऱ्याला उचलायचं त्यानं.”

विश्रामनं चष्मा काढून पुसला. “मीही बसतो,” तो म्हणाला.

नवी झोळी आली तेव्हा ओसरीच्या हॉलमध्ये सगळी मंडळी जमली. आधी साहेब. यंत्रानं त्यांना उचललं तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटले, आणि रामरक्षा म्हणत आहेत हे त्यांच्या ओठांवरून कळत होतं. खाली आले तेव्हा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. उठले ते थेट अक्कांपाशी गेले आणि म्हणाले, “वर गेल्यावर आपण माणूस राहत नाही हो. सामान होतो.” “म्हणून तर,” अक्का म्हणाल्या. नंतर विश्राम, नंतर मालनताई. ती वर जाताना एवढी हसली की खालचे म्हातारेही हसायला लागले, आणि क्रेन म्हणणाऱ्यांपैकी एकानं विचारलं, “दुखत नाही ना गं?”

विश्वस्त शेवटी राजी झाले. झोळ्या आम्हीच साध्या पाण्यात, हातांनी धुवायच्या असं ठरलं. प्रत्येक झोळीवर तारीख लिहायची आणि वर्ष झालं की धडधाकट असली तरी बदलायची. दोघींशिवाय उचलायचं नाही, आणि उचलताना एकमेकींशी बोलायचं नाही, ज्याला उचलतोय त्याच्याशी बोलायचं. ही शेवटची गोष्ट अक्कांची. हौसाक्का पुढे बरीच वर्षं त्याच खोलीत राहिल्या आणि एका हिवाळ्यात, आपल्याच पलंगावर, झोपेत गेल्या. तोवर विश्राम महिन्याकाठी यायचा. पूर्वी अर्धा तास बसायचा, आता दुपारभर बसून हुबळीच्या, कलकत्त्याच्या गोष्टी ऐकायचा. मी आता नव्या मुलींना हे काम शिकवते. बराच काळ झाला या सगळ्याला.

माझी पाळी त्या दिवशी सगळ्यात शेवटी आली होती. ते सांगणं मी मुद्दाम मागे ठेवलं.

खरं म्हणजे मी नोकरी सोडणार होते. त्या सकाळपासून माझे हात थरथरायचे थांबले नव्हते. आईनं मिशन हॉस्पिटलमधल्या ओळखीच्या सिस्टरना सांगूनही ठेवलं होतं. अक्कांना मी काही बोलले नव्हते. पण मी झोळीत बसले आणि मालनताईनं रिमोट हातात घेतला तेव्हा अक्का म्हणाल्या, “तो इकडे दे. हिला मी उचलते.”

चाकांची खुर्ची ढकलत त्या माझ्यासमोर आल्या. चारी पट्टे त्यांनी स्वतः चाचपले. हुकात नीट बसलेत का ते अंगठ्यानं पाहिलं.

“सुवार्ता, आता पट्टे ताणतील. पाठीला ओढ लागेल.”

लागली.

“आता खुर्ची सुटेल. पोटात गोळा येईल, येऊ दे.”

खुर्ची सुटली. पाय जमिनीवरून उचलले गेले आणि मला कळेना आपण कुठं संपतो. हात कुठं ठेवू, मान कशी धरू? अख्ख्या अंगाचं ओझं दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली झालं होतं. एका बटणाच्या, एका अंगठ्याच्या. मी खाली बघितलं. एवढ्याशा उंचीवर कुणी मरत नाही, पण फरशी अशी दूर गेली होती की जणू ओसरीचं छप्परच नव्हतं आणि मी कुठल्याशा प्रचंड तंबूत टांगली गेले होते.

“खाली काय आहे बघण्यासारखं? इकडे बघ. माझ्याकडे.”

मी बघितलं. रोज वरून ज्या चेहऱ्याकडे बघायचे तो आता खालून माझ्याकडे बघत होता. सुरकुतलेला, उजळ, डोळे न हलणारे. त्या चेहऱ्यावर माझ्याशिवाय दुसरं काहीच नव्हतं. इतकं पुरतं माझ्याकडे कुणी कधी बघितलं होतं का, आईनं तरी, मला आठवेना. हॉलमधली माणसं, पंखे, मालनताई, सगळं कुठं तरी गेलं. माझे हात थरथरायचे थांबलेत हे माझ्या ध्यानात आलं.

“आता वळवते. डावीकडे. घाबरू नकोस, वळतेय. हं. आता थांबले. बघ, थांबले.”

“हो,” मी म्हणाले.

“आता खाली घेते.”

मी वाट बघत होते. खुर्ची लागेल, हिसका बसेल, म्हणून पाठ ताठ करून वाट बघत होते. त्या माझ्यावरची नजर न काढता, हळू आवाजात काही काही बोलत होत्या. मी वाट बघतच राहिले.

“उतर की आता,” हौसाक्का म्हणाल्या. “केव्हाची टेकलीस.”